श्रीनाथचं हलकं काम

माझा मुलगा कामावरून स्वच्छ कपड्यांत घरी येतो, ही माझी सध्याची काळजी आहे. शर्टाची इस्त्री सकाळी असते तशीच संध्याकाळी. बाहीवर तेल नाही, केसांत पुठ्ठ्याचा भुगा नाही. अकरा वर्षं मी त्याच्या मागे लागले होते की बाबा, कपडे जरा जपून वापर, हे डाग सोड्यानेही जात नाहीत. गेल्या सात महिन्यांत एकही डाग आलेला नाही आणि माझी झोप गेली आहे.

श्रीनाथ एकतीस वर्षांचा. आम्ही गोव्याच्या पेडणे तालुक्यातल्या हळर्णचे. तो रोज स्कुटरने डिचोलीला जातो. तिथल्या औद्योगिक वसाहतीत पुठ्ठ्याचे खोके बनवणारा एक कारखाना आहे. औषधांचे, काजूचे, मिठाईचे. कारखान्याचं नाव लिहीत नाही. त्यांच्या गेटवर 'आम्ही एक कुटुंब आहोत' असं लिहिलेलं आहे, आणि कुटुंबाची नावं चारचौघांत घेऊ नयेत.

तिथे तो सेटर होता. सेटर म्हणजे काय, हे मलाही बरीच वर्षं कळलं नव्हतं. पुठ्ठ्याचा ताव मशीनमध्ये गेला की पात्यांचा एक साचा त्यावर दाबला जातो. काही पाती कापतात, काही नुसती घडी पाडतात. तो साचा बसवायचा आणि सगळीकडे सारखा दाब जुळवायचा. एखाद्या कोपऱ्यात दाब कमी पडला तर साच्यामागे कागदाची बारीक पट्टी चिकटवायची, जास्त झाला तर काढायची. फरक केसाएवढा. श्रीनाथ तो कानाने ओळखायचा. मशीन चार वेळा आपटलं की सांगायचा, खालचा डावा कोपरा उपाशी आहे.

हा कान बापाचा. माझे यजमान, गोकुळदास, खनिजाचा ट्रक चालवायचे. रस्त्यावरून कुणाचा ट्रक गेला ते घरात बसून सांगायचे. खाणी बंद पडल्या, ट्रक विकला. कान तेवढा राहिला, तो आता शेजारच्या घरात काय चाललंय ते ऐकण्याच्या कामी येतो.

माणूस म्हणून श्रीनाथ लोकांना फारसा आवडावा असा नाही. बोलतो कमी, आणि बोलतो तेव्हा चूक दाखवायला. महेश नावाचा गडहिंग्लजचा मुलगा त्याच्या हाताखाली शिकायला होता. त्याला दोन महिने नुसत्या पट्ट्या कापायला लावल्या. मशीनला हात लावू दिला नाही. कुणाच्या घरी गेलो आणि मिठाई पुढे आली की हा पेढा घेत नाही, खोका घेतो. रिकामा करून उलटा करतो, घडीवरून अंगठा फिरवतो. एकदा वाळपईला मुलगी बघायला गेलो होतो. मुलगी चहा घेऊन आली तेव्हा आमचे चिरंजीव खोक्याची खालची बाजू उजेडाला धरून बसले होते. मुलीच्या वडिलांना वाटलं, किंमत शोधतोय. ते जमलं नाही. पुढे तिच्या लग्नाची मिठाई आमच्याकडे आली. त्या खोक्याची घडी तिरकी होती, हे त्याने मला फार समाधानाने दाखवलं.

गेल्या वर्षी गणेशचवथीच्या आधी मिठाईच्या खोक्यांची घाई होती. मशीनच्या तोंडावर एक जाळी असते. ती उघडली की मशीन आपोआप थांबतं. थांबण्यात वेळ जातो, म्हणून आधीच्या पाळीत कुणीतरी तिची कळ तारेने बांधून ठेवली होती. श्रीनाथने अडकलेला ताव काढायला डावा हात घातला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं, मधलं अर्धं राहिलं. कारखान्याने चौकशी समिती नेमली. समितीने तीन बैठका घेऊन निष्कर्ष काढला की कामगाराने घाई केली. घाई कुणाची होती, हे समितीच्या कक्षेत येत नव्हतं.

तो बांबोळीच्या इस्पितळात होता तेव्हा मी जे केलं ते कुठलीही आई करील, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. मी गावच्या देवळात कौल घ्यायला गेले. आमच्याकडे देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावतात आणि तिच्यापुढे प्रश्न ठेवतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. शंभू गुरव म्हणाला, मुलाचा प्रश्न आहे तर मुलाला घेऊन ये. मी म्हटलं, तो इस्पितळात आहे, मी त्याची आई आहे, माझ्याहून जवळचं कोण? शंभूने मान डोलावली आणि गाऱ्हाणं घातलं. मी विचारलं, माझ्या मुलाला बसून करायचं काम मिळालं तर त्याचं भलं होईल का? उजवी पाकळी इतक्या लवकर पडली की शंभूलाही नवल वाटलं.

आता प्रश्नच असा होता, की देवीने नाही तरी कशाला म्हणावं?

तोवर कारखान्यात फाईल तयार होत होती. कामावर जखमी झालेल्या माणसाला परत कामावर घेणं हे सोपं नसतं, हे मला सोनमने सांगितलं. सोनम म्हणजे तिथली एचआर, तीस-बत्तीसची, गोड बोलणारी, मला काकी म्हणणारी. तिला तीन ठिकाणचे कागद एकमेकांना जुळवायचे होते. विम्याच्या डॉक्टरने लिहिलं, जखम भरली, कामावर जाण्यास योग्य. सरकारी मंडळाने लिहिलं, कायमचं अपंगत्व अठरा टक्के. सवलती चाळीस टक्क्यांच्या पुढे सुरू होतात, त्यामुळे सरकारदरबारी तो पुरेसा अपंग नव्हता. कारखान्याने मात्र मन मोठं केलं आणि उरलेले ब्याऐंशी टक्के पदरचे घातले. तिसरा कागद कारखान्याच्या स्वतःच्या डॉक्टरचा. हे दर बुधवारी येतात. त्यांनी लिहिलं की मशीनची जाळी नीट केली आणि डाव्या बाजूला साचा धरणारी एक पकड बसवली, तर हा माणूस सेटिंगचं काम करू शकतो.

ही पकड कशी असावी याचं चित्र श्रीनाथने घरी बसल्या बसल्या पुठ्ठ्यावर काढलं होतं. कारखान्यातच एका दिवसात तयार झाली असती.

पण सोनम एका संध्याकाळी आमच्या घरी आली. श्रीनाथ ड्रेसिंगला गेला होता. चहा घेताना ती म्हणाली, काकी, तुम्ही फोनवर म्हणालात ना की त्याने आता मशीनला हात लावू नये, तेवढं जरा लिहून द्याल? कुटुंबाची इच्छा कळली की आम्हाला सोपं जातं. कुणाला सोपं जातं हे मी विचारलं नाही. म्हापशाच्या कॉलेजातून मराठी घेऊन बी. ए. झाल्याला पस्तीस वर्षं झाली, इतक्या वर्षांत मला कुणी काही लिहून मागितलं नव्हतं. मी पेन घेतलं. दोन पानं लिहिली. तीन परिच्छेद, अक्षर मोत्यासारखं. 'माझ्या मुलास यंत्रावर न पाठवता हलक्या स्वरूपाचे बैठे काम द्यावे, ही आम्हा कुटुंबीयांची नम्र विनंती आहे. ग्रामदेवीचा कौलही असाच आहे.' खाली सही. कारखान्याच्या फाईलला तीन डॉक्टरांनी जे देता आलं नव्हतं ते मी आणि देवीने मिळून दिलं.

श्रीनाथला मी हे सांगितलं नाही. सांगायचं राहून गेलं, असं मी लिहिलं असतं, पण राहून गेलं नव्हतं.

फेब्रुवारीत तो कामावर गेला. त्याला फुलांचा गुच्छ दिला, फोटो काढला. फोटोवाला म्हणाला, हात जरा पुढे घ्या, डावा. तो फोटो आता 'समान संधी धोरण' या चौकटीशेजारी लावलेला आहे, आणि येत्या तीन डिसेंबरला, दिव्यांग दिनी, त्याचं चार शब्दांचं भाषण ठेवायचं घाटतंय. मग त्याला गेटजवळच्या केबिनमध्ये एक खुर्ची दिली. काम असं की गाडी आत आली की गेटपास फाडून द्यायचा, बाहेर गेली की परत घ्यायचा. गाड्या दिवसाला पंधरा. पावसात आठ. खुर्चीला उशी आहे, पंखा आहे. चहा जागेवर येतो. तो उठून पाणी घ्यायला गेला तर वॉचमन धावत येतो आणि म्हणतो, तुम्ही बसा, तुम्ही बसा. त्याला बसवून ठेवण्यासाठी जितकी माणसं राबतात तितकी त्याच्या मशीनवर कधी नव्हती.

पगार तोच आहे, हे मी मुद्दाम नमूद करते. सोनम प्रत्येक वेळी करते.

त्याने तिच्याकडे दोनदा अर्ज केला की मला परत सेटिंगवर घ्या. दोन्ही वेळा ती म्हणाली, आम्ही तुमच्या घरच्यांचाही विचार केला पाहिजे. त्याला वाटलं, बोलायची पद्धत आहे.

गेल्या रविवारी महेश घरी आला. आता सेटर तोच आहे. सोबत केळी आणली होती, पण बसला असा की जणू काही चोरून आणलंय. श्रीनाथ मागच्या अंगणात स्कुटर धूत होता. महेशने मला सांगितलं की कारखान्यात नवीन मोठं मशीन येतंय. त्यावर मुख्य सेटर कोण, हे येत्या शुक्रवारी ठरणार, आणि त्याच दिवशी श्रीनाथची गेटवरची नेमणूक कायमची होणार. मुख्य सेटर म्हणून महेशचं नाव गेलं आहे.

"काकू, आत मशीन बिघडलं की मी गेटवर फोन लावतोय," तो म्हणाला. "श्रीनाथदादा फोनवर आवाज ऐकून सांगतोय, उजवीकडची एक पट्टी काढ. मी काढतोय. सायब लोक म्हणत्यात, महेश हुशार झाला. मला लाज वाटतीया बघा."

मशीन आणि खुर्चीमध्ये चाळीस पावलांचं अंतर आहे. ते अंतर गेले सात महिने मोबाईलने कापलं जातंय, आणि कंपनीच्या कुठल्याही धोरणात ते बसत नाही.

महेशने पुढे सांगितलं की तो सोनमकडे गेला होता आणि म्हणाला होता, हा मान दादाचा आहे. तिने त्याला फाईल उघडून एक पत्र दाखवलं होतं. एवढं बोलून तो थांबला, कारण श्रीनाथ ओल्या हातांनी दारात उभा होता.

त्याने विचारलं, कसलं पत्र? महेशने माझ्याकडे बघितलं. गोकुळदास एरवी शेजारचं ऐकत असतात, त्या दिवशी नेमके घरातलं ऐकत होते. त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. मग मी सांगितलं, सगळं. कौलापासून सहीपर्यंत.

तो ओरडेल असं मला वाटलं. ओरडला असता तर मला रडता आलं असतं.

"तू देवीक नेमका काय विचारलंस?" त्याने विचारलं.

मी प्रश्न जसाच्या तसा सांगितला.

"म्हणजे खुर्चीचा विचारलंस. मशिनीचा विचारूकच नाय." मग फडकं उचलत म्हणाला, "माका तरी विचारूचा होता."

आणि स्कुटर पुसायला गेला. डाव्या हाताच्या उरलेल्या अडीच बोटांनी ब्रेकची तार ताणून बघत होता. हीच बोटं ब्रेक दाबून त्याला डिचोलीहून घरी आणतात, हे मी रोज बघते. ती मशीनचा साचा धरू शकणार नाहीत, हे मी दोन पानांत लिहून दिलं होतं.

महेश गेल्यावर गोकुळदास म्हणाले, सगळा दोष तुझ्या अक्षराचा. वाचता येण्यासारखं होतं म्हणून फाईलला लागलं. डॉक्टरांचं बघ, कुणी वाचलं का?

सोमवारी मी तालुक्याच्या वाचनालयात जाऊन दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा वाचला. दोन हजार सोळाचा आहे, म्हणजे अपघाताच्या कितीतरी आधीचा. तो आधी का वाचला नाही? देऊळ घराजवळ आहे, एवढंच. कायद्यात लिहिलंय की अपंगत्वाच्या कारणावरून भेदभाव करायचा नाही, आणि माणसाला काम करता यावं म्हणून जी वाजवी सोय करता येते ती नाकारणं हासुद्धा भेदभाव. मला वाटायचं, भेदभाव म्हणजे कामावरून हाकलून देणं. गुच्छ देऊन, पंख्याखाली बसवूनही तो करता येतो, हे मला कॉलेजात शिकवलं नव्हतं. शंभरावर कलमं आहेत. मी चष्मा पुसून पुसून शोधलं, आईला विचारावं असं एकाही कलमात नाही.

तरी माझं मन काही एवढ्याने वळलं नाही. खरं सांगायचं तर मला अजूनही तो खुर्चीतच हवा आहे. मशीन आपटल्याचा आवाज मी कधी ऐकलेला नाही, तरी तो मला ऐकू येतो. मंगळवारी मी पुन्हा देवळात गेले. म्हटलं, नवा कौल घेते. या वेळी मशीनचं नीट विचारते. पाकळी डावीकडची पडली तर माझं पत्र बरोबरच होतं, आणि उजवीकडची पडली तर जबाबदारी देवीची. दोन्हीकडून मी सुटत होते.

शंभू गुरव गाभाऱ्याची पायरी पुसत होता. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि पाकळ्यांकडे हातही नेला नाही.

"बाय, तेवा पण मी तुका सांगलेलंय, झिलाक घेवन ये," तो म्हणाला. "तेवा तो इस्पितळात होतो. आता स्कुटर चलवता. तेचो प्रश्न तेणाच घालूचो."

मी म्हटलं, तो देवळात येत नाही. शंभू म्हणाला, मग त्याला काही विचारायचं नसेल. आणि पायरी पुसत राहिला.

शंभू सातवीपर्यंत शिकला आहे. त्याच्याकडे चौकट नाही, धोरण नाही, फाईल नाही. मोठ्या माणसाचा प्रश्न मोठ्या माणसाने स्वतः विचारायचा, एवढा एक नियम आहे, तो त्याने मला दोनदा सांगितला. कारखान्यात हा नियम इंग्रजीत चौदा पानांवर आहे.

काल देवळातून परतल्यावर मी नवीन पत्र लिहायला घेतलं. 'माझे पूर्वीचे पत्र रद्द समजून माझ्या मुलास यंत्रावर घेण्यास माझी हरकत नाही,' इथपर्यंत आले आणि थांबले. माझी हरकत नाही म्हणजे काय? ती विचारली कुणी होती? पहिल्या पत्रात मी त्याला खुर्चीत बसवलं, दुसऱ्यात मशीनवर पाठवत होते. पाठवणारी मीच. कागद फाडला.

आज श्रीनाथ जेवायला बसला तेव्हा मी त्याच्या समोर जाऊन बसले. रविवारपासून आमचं बोलणं मीठ, भात आणि वाढू का इतक्यापुरतं होतं. मी म्हटलं, ते पत्र माझं आहे, ते मलाच परत घ्यावं लागेल. सोनमला फोन करू का? हे विचारताना माझा आवाज पहिल्या दिवशी शाळेत आलेल्या मुलीसारखा झाला होता. आपल्या पोराची परवानगी मागायची सवय मला नाही. एकतीस वर्षांत प्रसंगच येऊ दिला नाही मी.

त्याने घास संपवला. मग मान वर केली.

"कर फोन," तो म्हणाला. "पण लिवन काय देव नको."

गोकुळदासांना ठसका लागला. तो हसण्याचा होता, हे त्यांनी पाणी पिऊन लपवलं. श्रीनाथने सांगितलं की तिसरा अर्ज त्याने आजच दिला आहे, डॉक्टरचा कागद आणि पकडीचं चित्र जोडून. त्यात त्याने असंही लिहिलंय की जाळीची कळ बांधता येणार नाही अशी बसवा, नाहीतर मी मशीनला हात लावणार नाही, आणि महेशलाही लावू देणार नाही. हे त्याने आपल्या तिरक्या अक्षरात लिहिलं आहे. मी वाचायला मागितलं नाही. फार जड गेलं.

उद्या गुरुवार. सोनम साडेनऊला जागेवर येते. फोन उचलल्यावर ती आधी म्हणेल, काकी, कशा आहात. मग म्हणेल, सगळं तुमच्या मनासारखंच झालंय ना. मग मी म्हणणार की हो, माझ्या मनासारखं झालंय, तीच अडचण आहे. ती इच्छा माझी होती, श्रीनाथची नव्हती. माझं पत्र फाईलमधून काढा आणि त्याला विचारा. ती म्हणेल, तेवढं मेलवर पाठवाल का? मी म्हणेन, नाही. तुम्ही माझं ऐकून घेतलं तेव्हा चहासुद्धा संपला नव्हता, आता फोनवर ऐकून घ्या.

त्यानंतर शुक्रवारी काय ठरेल ते मला माहीत नाही. ते त्याला मशीन देतील, किंवा अर्जावर समिती नेमतील, किंवा खुर्चीला आणखी एक उशी देतील. मशीन दिलं तर मी रोज संध्याकाळी स्कुटरचा आवाज येईपर्यंत ओट्यावर उभी राहीन, हे मला ठाऊक आहे, आणि ते मी कुणाला लेखी देणार नाही. साडेनऊला फोन मात्र करणार आहे.